परत फिरलेला दहावा



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या घराघरांत गोठ्याची तयारी होते आणि शेजारी नाताळवृक्ष उभा राहतो. अमेरिकेतील बोस्टन शहरात, बोस्टन कॉमन नावाच्या जुन्या मैदानावर, दरवर्षी असाच एक उंच वृक्ष दिव्यांनी उजळतो. तो त्या शहराने विकत घेतलेला नसतो. शेजारच्या कॅनडा देशातील नोव्हा स्कॉशिया प्रांत तो भेट म्हणून पाठवतो.

ही भेट एका दुःखातून आलेली आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी सकाळी, महायुद्ध चालू असताना, नोव्हा स्कॉशियातील हॅलिफॅक्स बंदरात दोन जहाजांची टक्कर झाली. एक जहाज स्फोटकांनी भरलेले होते, त्याने पेट घेतला. आग पाहायला लोक खिडक्यांशी जमले. थोड्याच वेळात स्फोट झाला. सुमारे २,००० माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे ९,००० जखमी झाली. खिडक्यांच्या काचा उडून शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. कित्येकांची दृष्टी कायमची गेली. दुसऱ्या दिवशी बर्फाचे वादळ आले, आणि हजारोंच्या डोक्यावर छप्पर नव्हते.

बोस्टनहून त्याच रात्री डॉक्टर, परिचारिका आणि औषधे घेऊन रेल्वेगाडी निघाली. तारा तुटल्यामुळे तिकडे नेमके काय झाले आहे, हेही नीट कळलेले नव्हते. उत्तराची वाट न पाहता माणसे निघाली. बर्फात अडकत ती ८ तारखेला पोहोचली.

पुढच्या वर्षी, १९१८च्या नाताळात, हॅलिफॅक्सने बोस्टनला एक वृक्ष पाठवला. आणि मग? मग पन्नासहून अधिक वर्षे काहीच नाही. १९७१ मध्ये तिथल्या नाताळवृक्षांची लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांनी ही भेट पुन्हा सुरू केली. आपल्या झाडांना बोस्टनमध्ये गिऱ्हाईक मिळावे, हाही त्यांचा एक हेतू होता. आपण हसू नये. आपलेही हेतू कुठे धुतल्या तांदळासारखे असतात? पुढे प्रांताच्या सरकारने हे काम हाती घेतले. आता कोणीतरी कुटुंब आपल्या जमिनीवरचे झाड मोफत देते, आणि ते तोडताना शाळेची मुले जमतात. देणाऱ्यांनी ती आग पाहिलेली नाही, घेणाऱ्यांपैकी कोणी त्या गाडीत नव्हते.

संत लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १७) दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परत येतो, तोही परका, समरिटन. उरलेल्या नऊ जणांविषयी प्रभू विचारतो. ते नऊ वाईट होते असे आम्हांला वाटत नाही. कित्येक वर्षांनी घरी जायचे होते, मुलांना जवळ घ्यायचे होते. आनंदात ते विसरले. आपणही बहुधा असेच विसरतो. रात्री कोणी आपल्याला इस्पितळात नेले, लग्नाच्या वेळी कोणी हातउसने पैसे दिले, बापाच्या मयताला कोणी आधी धावून आले. बरे दिवस आले आणि त्या घराची पायरी चढणे राहून गेले. काही ठिकाणी तर मधल्या काळात बांधावरून भांडण झाले आणि बोलणेही थांबले. मग उपकार आठवणे अधिकच जड जाते.

या आगमनकाळात आम्ही चर्चमधील गोठ्याजवळ एक टोपली ठेवत आहोत. मिस्सानंतर प्रत्येकाने अशा एका माणसाचे नाव कागदावर लिहून त्यात टाकावे. चिठ्ठी कोणी उघडणार नाही. मग नाताळापूर्वी, घरातल्या मुलांना सोबत घेऊन, त्या घरी जाऊन यावे. ते शेजारी आपल्या धर्माचे नसले तरी जावे. हातात थोडी कुलकुले असली तर उत्तम, नसली तरी चालेल. आणि ती व्यक्ती आज हयात नसेल, तर तिच्या मुलांकडे जावे.