नाव बदललं तरी खातं तेच

१८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचं बोलावणं आत्मारामजी महाराजांना, म्हणजे आचार्य विजयानंदसूरींना आलं. साधू वाहनात बसत नाहीत. म्हणून त्यांच्या वतीनं वीरचंद राघवजी गांधी हा तरुण श्रावक गेला. वीरचंदभाई मूळचे महुव्याचे. ते बोटीनं परदेशी गेले म्हणून समाजात केवढा वाद झाला! आज आपल्याला त्याचं हसू येतं. आपली मुलं अमेरिकेला जातात आणि आपण त्यांच्या बॅगेत थेपले भरून देतो.

पण त्या जुन्या माणसांची एक गोष्ट मला मोलाची वाटते. बोटीत पाऊल टाकण्याआधी त्यांनी विचारलं, याचा माझ्या धर्माशी काय संबंध? उत्तर चुकलं असेल, पण प्रश्न विचारला होता. त्याच महुव्याच्या किनाऱ्यानं भावनगरकडे वर गेलं की आलंग लागतं. जगभरातली म्हातारी जहाजं तिथे मोडायला येतात. त्यांतलं सामान आपल्या घरात येतं, आणि त्याला मात्र आपण काही विचारत नाही.

बडोद्यात, अकोट्याला आमच्याच सोसायटीत तीन-चार घरांत आलंगचं फर्निचर आहे. त्रापजहून आलंगला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याची दुकानं आहेत : पलंग, आरसे, कपबशा, स्वयंपाकघरातली भांडी, काय हवं ते. पाहुणे आले की यजमानीण अभिमानानं सांगते, “बोटीतलं आहे हं!” आमच्या सूनबाईलाही नव्या फ्लॅटसाठी तिथलंच जेवणाचं टेबल हवं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं. “आई, नवं झाड तोडायचं नाही, जुनं वापरायचं. यात तर अपरिग्रहच आहे की!”

तिचं बरंचसं खरं आहे. आलंगला जहाजाचं फारसं काही वाया जात नाही. पत्रे कापून, तापवून त्यांच्या सळया होतात. आपल्या भिंतींतही त्या असतील. मग टेबलानंच काय घोडं मारलंय?

हे नीट समजायचं तर एका जहाजाची गोष्ट पाहू या. १९६० साली फ्रान्सच्या सँ-नाझेर बंदरात ‘फ्रान्स’ नावाची प्रवासी बोट पाण्यात उतरली. राष्ट्राध्यक्ष द गॉल स्वतः हजर होते. लांबी सुमारे ३१५ मीटर. त्या वेळी तिच्याएवढी लांब प्रवासी बोट जगात नव्हती. १९६२ च्या डिसेंबरात मोनालिसाचं चित्र अमेरिकेला गेलं ते याच बोटीतून, पहिल्या वर्गाच्या केबिनमध्ये. पण तोवर जेट विमानं आली होती. दिवसांचा प्रवास तासांवर आला. पुढे तेल महागलं, सरकारनं अनुदान थांबवलं आणि १९७४ साली बोट बंद पडली. १९७९ मध्ये ती विकली गेली, ‘नॉर्वे’ झाली आणि कॅरिबियन समुद्रात हौशी प्रवाशांना फिरवू लागली. २००३ साली मायामीत तिचा बॉयलर फुटला आणि आठ कर्मचारी गेले. मग ती आणखी हातांत गेली, ‘ब्ल्यू लेडी’ झाली आणि २००६ मध्ये आलंगच्या किनाऱ्यावर चढली.

तिच्या पोटात हजार टनांहून जास्त ॲस्बेस्टॉसचा माल होता. आगीपासून बचाव म्हणून त्या काळी तो भिंतीभिंतींत भरत. त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि कित्येक वर्षांनी जीव घेते. त्याच सुमारास ‘क्लेमान्सो’ ही फ्रान्सची जुनी युद्धनौकाही आलंगला यायला निघाली होती. ॲस्बेस्टॉसवरून ओरड झाली आणि फ्रान्सनं ती परत बोलावली. ती सरकारच्या नावावर होती ना! ‘फ्रान्स’ नाव कधीच पुसलेली बोट मात्र आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, सप्टेंबर २००७ मध्ये मोडायची परवानगी मिळाली. पुढे तिच्या नाकाडाचा एक तुकडा पॅरिसला लिलावात आठवण म्हणून विकला गेला. तो तुकडा ज्यानं कापला, त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही.

मला इथे थांबावंसं वाटतं. बोट प्रत्येक हाताबरोबर नाव बदलत गेली, आणि दर वेळी जुना मालक म्हणू शकला, ‘ती आता आमची नाही.’ लग्नात आपल्याही कितीजणींची नावं बदलली, म्हणून माहेर आपल्याला विसरलं का?

आपल्याकडे कर्माचा हिशेब याहून कडक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात तो मांडलाय. संरंभ म्हणजे मनात योजणं, समारंभ म्हणजे साधनं जुळवणं, आरंभ म्हणजे प्रत्यक्ष करणं. ते मनानं, वाणीनं, कायेनं. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि अनुमोदलेलं. वर क्रोध, मान, माया, लोभ. गुणाकार केला की होतात १०८, जपमाळेच्या मण्यांइतके! मुद्दा एवढाच, की हात आपला नव्हता म्हणून खातं बंद होत नाही. गॅसकटर धरणारा ओडिशाचा किंवा बिहारचा मुलगा करतो. मालक करवतो. आणि “बोटीतलं आहे हं!” असं कौतुकानं म्हणणारी मी?

सूनबाईनं लगेच विचारलं, “मग त्या मुलांनी खायचं काय? आपण घेणं थांबवलं तर त्यांची रोजी जाईल.” हाही प्रश्न खोटा नाही. आरंभाशिवाय गृहस्थाचं चालत नाही, हे शास्त्रालाही माहीत आहे. म्हणून तर श्रावकाला ‘जयणा’ सांगितली. पाणी प्यायचं, पण गाळून. चूल पेटवायची, पण पूंजून. तसंच जहाज मोडायचं, पण जपून : आधी विषारी माल वेगळा काढून, माणसाला मास्क आणि शिक्षण देऊन. २०१९ साली आपल्याकडे त्यासाठी कायदाही झाला. पण जयणेला पैसे लागतात, आणि खर्च करणाऱ्याला जुन्या जहाजासाठी कमी भाव द्यावा लागतो. सगळं स्वस्तच हवं म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाचा हात इथवर पोचतो.

आमच्या या अकोट्याच्या मातीतून ६८ जैन धातुमूर्ती निघाल्या. बडोद्याच्या संग्रहालयात त्या बघता येतात. त्यांतल्या जीवंतस्वामींच्या मूर्तीवर दान देणाऱ्या श्राविकेचं नाव कोरलंय, नागीश्वरी. जवळपास दीड हजार वर्षं ते टिकलं. पुण्याच्या कामावर आपण नाव कोरतो. दुसऱ्याच्या जिवावर आलेल्या वस्तूवरचं नाव मात्र आधी पुसून घेतो आणि मग घरात आणतो.

टेबल आलं. घेऊ नये असं मी म्हटलं नाही. सूनबाईनं दुकानदाराला एवढं विचारलं, “कोणत्या बोटीचं? कुठल्या प्लॉटवर मोडली? तिथे कामगारांना काय काय देतात?” त्याला बोटीचं नावही सांगता आलं नाही, असले प्रश्न कुणी विचारत नाही म्हणाला. दहा बायकांनी विचारलं तर अकरावीसाठी तो उत्तर शोधून ठेवील, असं मला वाटतं. अनुमोदना आपण उघड्या डोळ्यांनी द्यावी किंवा रोखून धरावी. न बघता देऊन टाकलेली अनुमोदनाही आपल्याच खात्यावर लिहिली जाते.