बिघाड सांगून विकलेली वस्तू

भोपाळच्या एम. पी. नगरात जुने ग्राफिक्स कार्ड शोधत फिरणाऱ्यांत विद्यार्थी पुष्कळ असतात. बैतूल, मुलताई, पांढुर्णा, बऱ्हाणपूर या मराठी बोलणाऱ्या भागांतून शिकायला आलेली मुलेही त्यांत असतात. कोणाला ब्लेंडरवर ॲनिमेशन शिकायचे असते, कोणाला मशीन लर्निंगचे प्रयोग करून पाहायचे असतात, कोणाला गेम खेळायचे असतात. नव्या कार्डाची किंमत घरी सांगवत नाही. अशा वेळी कोणीतरी म्हणतो, ‘थोडे खराब आहे, मातीमोल भावात घेऊन जा.’ घ्यावे का? बिघाड नेमका कोणता हे समजले असेल आणि दुरुस्ती फसली तर पैसे कोणाचे बुडणार हे आधी ठरले असेल, तर घ्यावे. किंमत किती, हा त्यानंतरचा प्रश्न.

बिघाड सगळे सारखे नसतात. एएमडीचे २०१७ साली आलेले आरएक्स ५८० घ्या. पंखा अडकतो, थर्मल पेस्ट वाळून जाते, एचडीएमआयचे पोर्ट तुटते. हे बिघाड दिसतात आणि थोड्या खर्चात निघतात. पण पडद्यावर रंगीत चौकोन आणि उभ्या रेघा उमटू लागल्या, तर संशय मेमरीवर जातो. आठ जीबीच्या या कार्डावर मेमरीच्या आठ चिप असतात आणि त्यांतली दोषी शोधून बदलणे हे कसबी कारागिराचे काम आहे. मुख्य चिपखालचे, डोळ्यांना न दिसणारे सांधे तडकले असतील, तर प्रकरण आणखी अवघड. कार्ड तापते, निवते, पुन्हा तापते आणि त्या प्रसरण-आकुंचनात सांधे हळूहळू दमतात. हीट गनने शेकले की असे कार्ड कधी कधी जिवंत होते, विकण्यापुरते चालते आणि काही दिवसांत पुन्हा मान टाकते. शेकलेले कार्ड आणि नीट दुरुस्त केलेले कार्ड काउंटरवर सारखेच दिसतात.

खरी अडचण इथे आहे. १९७० साली अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्यांना २००१ साली मिळालेल्या अर्थशास्त्राच्या नोबेलमागे हेच काम होते. विकणाऱ्याला माल माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. घेणारा मग सगळ्याच मालाला सरासरी भाव देतो, त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, आणि बाजारात रद्दड माल उरतो. इथेरियम या आभासी चलनाच्या जाळ्याने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस चालवून नाणी मिळवणे, बंद केल्यावर जगभरच्या जुन्या बाजारांत मायनिंगची कार्डे उतरली, तेव्हा हेच कोडे समोर आले. रात्रंदिवस चाललेले प्रत्येक कार्ड टाकाऊ नव्हते. पण झिजलेले पंखे आणि बदललेले बायोस यांबद्दल न बोलता ते ‘घरगुती वापराचे’ म्हणून विकले गेले, तर घेणाऱ्याला कळणार कसे? म्हणून ‘डावा पंखा बंद आहे’ असे स्वतःहून सांगणारा दुकानदार बाजारावर उपकार करतो. त्याच्या बाकीच्या शब्दालाही किंमत येते.

आता हिशेब. समजा, चालू स्थितीतले कार्ड जुन्या बाजारात सहा हजारांना मिळते, बिघडलेले दोन हजारांना, दुरुस्तीला दीड हजार लागतात आणि ती यशस्वी होण्याची शक्यता निम्मी आहे. कारागीर काम होवो न होवो पैसे घेणार असेल, तर साडेतीन हजार घालून हाती येण्याची आशा सरासरी तीन हजारांची. व्यवहार तोट्याचा. काम झाले तरच पैसे, असे ठरले तर सरासरी खर्च पावणेतीन हजारांवर येतो आणि तोच व्यवहार परवडतो. कार्ड तेच, बिघाड तोच, भावही तोच. फक्त जोखमीची वाटणी बदलली. आणि ज्याचा प्रोजेक्ट पुढच्या महिन्यात द्यायचा आहे, त्याने हा हिशेब करूच नये. सरासरी त्याच्या कामाची नाही, त्याला एकच कार्ड घ्यायचे आहे आणि ते चालायलाच हवे.

कायदा काय म्हणतो? मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यातले कलम १६ खबरदारीचा भार मुळात घेणाऱ्यावरच टाकते. पण त्याच कलमात अपवाद आहेत. त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्या दुकानदाराला आपण वस्तू कशासाठी हवी ते सांगितले आणि त्याच्या जाणकारीवर विसंबलो, तर वस्तू त्या कामाला योग्य असण्याची अट व्यवहारात गृहीत धरली जाते. पाहणी केली असेल, तर पाहणीत दिसायला हवे होते ते दोष आपल्या माथी. म्हणून तोंडी ‘टेस्टिंग वॉरंटी’वर भागवू नये. काय सांगितले, काय तपासले, परतीची मुदत किती, हे पावतीवर असावे.

बिघडलेली वस्तू घेणे म्हणजे पर्यावरणाची सेवा, असेही म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. कार्ड दुरुस्त होऊन आणखी काही वर्षे चालले तर कचरा खरोखर कमी झाला. नाही चालले, तर एका घरातला कचरा दुसऱ्या घरात गेला, एवढेच. कचऱ्याचा पत्ता बदलल्याने प्रश्न सुटत नाही, हे भोपाळला सांगायला नको. युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलवायला जानेवारी २०२५ उजाडावा लागला आणि तो जाळल्यावरही राखेचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच. याच शहराच्या महापालिकेने २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर ई-कचरा क्लिनिक सुरू केले होते. मेलेल्या कार्डाची वाट अशा ठिकाणी जायला हवी, पुढच्या गरजू मुलाच्या संगणकाकडे नव्हे.

आपल्याकडे घासाघीस भावावर होते, माहितीवर होत नाही. ही सवय बदलायला हवी. शंभर रुपये कमी करून घेण्याआधी विचारावे: काय बिघडले आहे, कोणी उघडले होते, कितीदा शेकले आहे? आणि हे लिहून द्यायला समोरचा तयार नसेल, तर त्या कार्डाला दोन हजारही जास्त आहेत.