भाडेमाफी की व्याज?

तालुक्याच्या बाजारपेठेतील गाळ्याचे भाडे हा वापराचा मोबदला आहे. तो वैध आहे. मात्र भाडेकरूकडून भारी अनामत घेऊन भाडे माफ करण्याची रीत एकदा तपासून पाहा. वरकरणी ती उदारता वाटते. परंतु खर्चण्यास घेतलेली व पुढे परत करावयाची रक्कम अनामत राहत नाही, ती कर्ज ठरते. आणि त्या कर्जापोटी देणाऱ्यास गाळा फुकट मिळत असेल, तर तो लाभ व्याजच होय. उभयतांच्या संमतीने व्याज वैध होत नाही.

म्हणून रास्त भाडे ठरवा. भाडेकरू खरोखर अडचणीत आला, तर सूरह अल्-बकराची 280 वी आयत ऋणकोस सवड देण्यास सांगते आणि माफी त्याहून उत्तम ठरवते. उदारतेची खरी जागा तेथे आहे. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो. आमीन.