आजचं चिंतन : आधी ऐकणं

गीतेच्या पहिल्या अध्यायात ४७ श्लोक. त्यात श्रीकृष्ण बोलतात एकच छोटं वाक्य. अर्जुन थरथरतो, रथात बसतो, धनुष्य टाकतो; देव मध्ये तोडत नाहीत.

मी उलटं केलं. बीडकडे आमचा कापूस पाण्यात गेला, तेव्हा धाकट्या भावाला फोनवर म्हणालो, "रडू नको, नाम घे." तो गप्पच झाला. पुढे समुपदेशकाकडे जाऊन तो रागामागची भीती ओळखायला शिकला. आता छाती दाटली की आधी श्वास सावकाश करतो, मग बोलतो. माळ अजूनही ओढतो.

मदत मागणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं? मला नाही वाटत. विषादालाही गीतेने 'योग'च म्हटलंय. मन जड असेल तर १४४१६, टेलि-मानस, मोफत आहे. आणि कुणी आपल्याजवळ रडलं, तर आज फक्त ऐकूया.