अस्सल गाडी आणि तिचा ब्रेक

जुन्या गाड्यांच्या रॅलीत लोक हब कॅप निरखून पाहतात, डॅशबोर्डवरचं घड्याळ चालू आहे का बघतात, रंगाची छटा कंपनीचीच आहे का यावर हुज्जत घालतात. पॅडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. अस्सलपणाचा वाद खरं तर या वीतभर ओतीव तुकड्यावरच घासून पाहायला हवा, कारण इथे चूक झाली तर नुसता गुण कापून भागत नाही. तो मूळचाच ठेवावा की नवा आणून बसवावा? माझं मत मूळच्याच्या बाजूने आहे, पण त्यात हळवेपणा नाही. आणि त्याच्या पोटातही सगळं मूळचंच हवं, हा हट्ट मला वेडगळ वाटतो.

आपली फियाट घ्या. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली. साठच्या दशकात ‘डिलाइट’, पुढे ‘प्रेसिडेंट’, मग ‘पद्मिनी’. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्स्या धावत होत्या तोवर सुट्या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. आता उरल्या त्या हौसेच्या गाड्या, आणि हौसेची गाडी बहुतेक वेळ कव्हरखाली उभी असते. सिलिंडर खराब होतो तो याच उभं राहण्याने.

ब्रेक ऑइल हे नावापुरतं ऑइल. ते ग्लायकॉलचं असतं आणि हवेतला ओलावा शोषून घेतं. मुंबईच्या पावसाळ्यात तर बघायलाच नको. त्या ओलाव्याने सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे बारीक खड्डे पडतात. रोजच्या वापरात पिस्टन जेवढा सरकतो तेवढी भिंत घासून स्वच्छ राहते, त्यापुढचा भाग गंजत जातो. मग कधीतरी ब्रेकची हवा काढायची वेळ येते. मेकॅनिक चाकापाशी बसून ओरडतो, “पूर्ण दाबा, साहेब!” पॅडल तळाला टेकतं आणि पिस्टनपुढच्या रबरी कपाची कड एरवी कधी न गेलेल्या त्या खडबडीत भागावरून फिरून येते. बरा चालणारा ब्रेक हवा काढल्यावरच बिघडला, ही जुनी तक्रार बरेचदा इथून सुरू होते.

पुढची लक्षणं फसवी असतात. सिग्नलला हलकं दाबून धरलेलं पॅडल सावकाश खाली जातं, बाहेर मात्र थेंबही दिसत नाही. गळती आतल्या आत, कपाच्या कडेवरून असते. जोरात दाबलं की दाबामुळेच कड भिंतीला घट्ट बसते आणि पॅडल टणक लागतं. गॅरेजमध्ये सगळे जोरातच दाबून बघतात आणि गाडी पास करतात.

यावर सर्रास होणारा इलाज म्हणजे पॉलिश पेपर मारून रबरी कपांचं नवं किट टाकणं. नुसते डाग असतील तर तेवढ्याने भागतं. खड्डा नखाला लागत असेल तर नाही; घासत राहिलं की भोक मोठं होतं आणि त्याच मापाचा कप सैल पडतो. खरं काम लेथवरचं. बोअर वाढवायचा, स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह दाबून बसवायची आणि ती आतून मूळ मापाला आणायची. कसब लागतं ते त्यानंतर. ऑइलच्या टाकीतून सिलिंडरमध्ये उतरणारं एक बारीक छिद्र असतं, जेमतेम सुई जाईल एवढं. पाय काढला की जादा ऑइल तिथून टाकीत परततं. स्लीव्हने ते बुजतं, म्हणून नेमक्या त्याच जागी पुन्हा पाडावं लागतं आणि आतल्या तोंडाची धार मोडावी लागते. धार राहिली तर नवा कप चिरतो. जागा चुकली तर ऑइल परतत नाही, ब्रेक धरून राहतात, तापतात आणि आणखी आवळतात. पॅडलच्या दांड्याला थोडी मोकळीक ठेवली नाही तरी हेच होतं.

एवढं केल्यावर सिलिंडर अस्सल राहिला का? माझ्या मते राहिला. रबर तर पहिल्या दिवसापासून बदलण्यासाठीच होतं, आणि घासली जाणारी भिंतही मला त्याच जातीची वाटते. मूळचं ते ओतकाम, त्याची माप-जागा आणि पायाला लागणारी पॅडलची जाणीव. ‘हुबेहूब’ म्हणून मिळणाऱ्या नव्या सिलिंडरचं ओतकाम कोणाचं, रबर कसलं, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. नीट बांधलेल्या जुन्यावर माझा भरवसा जास्त, तो यासाठी.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. जुन्या सिलिंडरमध्ये एकच सर्किट असतं; एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, उरतो हँडब्रेक. अमेरिकेने दुहेरी सर्किट १९६८ पासून सक्तीचं केलं, ते उगाच नव्हे. ज्याला फियाट घेऊन बोरघाट उतरायचा आहे त्याने दुहेरी सिलिंडर बसवला तर मी नाक मुरडणार नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्यूरिन सनदही रहदारीसाठी केलेले फेरफार चालवून घेते. ते नजरेत न भरणारे आणि पुन्हा काढता येण्याजोगे असावेत, काढलेला मूळ भाग गाडीसोबत जपावा, एवढंच तिचं म्हणणं. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी दिली. त्यांत चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळ असण्यावर भर आहे. ब्रेकबाबत निर्णय मालकाच्या विवेकावर राहतो.

मला खटकते ती लपवाछपवी. सिलिंडर बदललेला असतो किंवा स्लीव्ह घातलेली असते, आणि विकताना सांगितलं जातं, ‘सगळं ओरिजिनल’. गाडीच्या फायलीत एक कागद लावायला काय जातं? स्लीव्ह कोणत्या धातूची, आतलं माप किती, ऑइल कोणत्या ग्रेडचं, काम कधी झालं. पुढचा मेकॅनिक कपाचं माप त्यावरूनच ठरवणार आहे.