भिंती गेल्या, कान उरले

हेडफोन आपण एकट्याने ऐकून विकत घेतो. दुकानात कानाला लावायचा, ओळखीचे गाणे वाजवायचे, बास जरा जास्त आहे का ते पाहायचे, मान डोलवायची आणि पैसे द्यायचे. लोकलमध्ये किंवा घरी वापरायचा असेल तर एवढी पारख पुरते. पण शंभर-सव्वाशे माणसे एकाच मोकळ्या मजल्यावर बसतात अशा कचेरीत तो दिवसभर वापरायचा असेल, तर दुकानातल्या त्या पाच मिनिटांत कामाचे असे काहीच कळत नाही. तिथे त्या वस्तूचा गाण्याशी संबंध थोडा आणि शेजारच्या खुर्चीशी फार. कचेरीतला हेडफोन हा शेजारधर्माचा मामला आहे, आणि निवडताना नेमके तेवढेच आपल्या ध्यानात नसते.

आधी त्रास कशाचा होतो ते पाहू. आवाज मोठा म्हणून काम बिघडते, ही समजूत अर्धीमुर्धीच खरी आहे. १९७६ साली कोल आणि वेल्श या संशोधकांनी जर्मन न येणाऱ्या लोकांना अक्षरांच्या मालिका पाठ ठेवायला सांगितल्या आणि त्याच वेळी त्यांच्या कानावर जर्मन उतारा पडू दिला. भाषेचे अक्षर कळत नव्हते, लक्ष देऊ नका असे सांगितलेले होते, तरी चुका वाढल्या. पुढच्या अभ्यासांतून दिसत गेले की आवाजाच्या पातळीपेक्षा त्याचे सतत बदलणे जास्त नडते. पंख्याची घरघर मेंदू सोडून देतो, बोलणे सोडत नाही. म्हणून हिंजवडीतल्या एखाद्या मजल्यावर पलीकडचा माणूस फोनवर घरच्यांशी तेलुगूत बोलत असला, तरी आपल्या हातातला हिशेब अडखळतो. २०१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: दोन माणसांच्या पूर्ण संभाषणापेक्षा फोनवरचे एकाच बाजूचे बोलणे लक्ष अधिक विचलित करते. पुढचे वाक्य काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून मन तिथेच घुटमळते. आजच्या कचेरीत असली अर्धी संभाषणेच जास्त. ‘ॲम आय ऑडिबल?’ असे जो तो आपल्या स्क्रीनला विचारत असतो. उत्तर अख्ख्या मजल्याला ठाऊक असते.

यावर उपाय म्हणून बहुतेक जण नॉइज कॅन्सलेशनकडे धावतात. या तंत्राचे मूळ विमानात आहे. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ साली झुरिकहून बोस्टनला येत होते. विमान कंपनीने दिलेल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या आवाजापुढे संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच गणिते मांडायला घेतली. त्यांच्या कंपनीचा या तंत्राचा पहिला विक्रीयोग्य हेडसेट १९८९ मध्ये आला, तोही वैमानिकांसाठी. बाहेरचा आवाज टिपायचा, त्याच्या नेमकी उलटी लहर कानात सोडायची आणि दोन्ही लहरींनी एकमेकींना खाऊन टाकायचे, अशी ही रचना. १०० हर्ट्झची लहर साधारण साडेतीन मीटर लांब असते. तिच्याशी उलटा मेळ जमवायला सवड मिळते. ४००० हर्ट्झची लहर नऊ सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. तिथे केसभर चुकले तरी मेळ फसतो. त्यामुळे इंजिन, एसी, पंखा हे खालच्या पट्टीतले सलग आवाज झकास पुसले जातात. बोलणे कळते ते मुख्यतः स, श, च, ट अशा व्यंजनांमुळे, आणि त्यांचा मुक्काम वरच्या पट्टीत असतो.

आता हे यंत्र कचेरीत आणा. एसीची घरघर जाते आणि तिच्याखाली झाकलेले शेजाऱ्याचे बोलणे उघडे पडते. ती घरघर आपली राखण करत होती. काही कचेऱ्यांत तर छतात स्पीकर बसवून मुद्दाम वाऱ्यासारखा सलग आवाज सोडतात, तो बोलणे झाकण्यासाठीच. इथे आपण पंख्याचा आवाज घालवायला पंचवीस-तीस हजार मोजतो आणि मग बोलणे ऐकू येते म्हणून फोनवर पंख्याचा नाहीतर पावसाचा आवाज लावून बसतो. त्यापेक्षा तानपुऱ्याचे ॲप बरे. तोही सलग, शब्दांशिवाय, आणि निदान सुरात. भावगीत लावून मसुदा लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांचा मसुदा मी दोनदा तपासून घेईन.

बोलणे अडवायचे तर इलेक्ट्रॉनिक्सच्या आधी साधी गादी पाहावी लागते. कानाभोवती पूर्ण बसणारा, बंद पाठीचा हेडफोन किंवा कानाच्या पोकळीत नीट रुतणारे फोमचे बूच वरच्या पट्टीतले आवाज रोखते. फट राहिली की सगळे व्यर्थ. आणि फट राहतेच: चष्म्याची काडी गादी उचलून धरते, झुमका मध्ये येतो. मुंबईच्या दमट हवेत गादीवरचे नकली चामडे सोलून त्याच्या काळ्या खपल्या कानाला चिकटतात. तिथे कापडी गादी, बदलून मिळणारी, हा निकष ध्वनीच्या गुणवत्तेच्या वर ठेवायला हवा. उघड्या पाठीचे हेडफोन फार गोड वाजतात, पण ते बाहेरही तितकेच वाजतात. ते घरी ठेवावेत.

इथवर सगळे आपल्या कानाचे झाले. शेजाऱ्याचा प्रश्न मायक्रोफोनपाशी सुरू होतो. कानात आवाज चालू असताना माणूस नकळत मोठ्याने बोलतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवले होते. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज हलकासा परत ऐकू यायचा, त्यामुळे बोलण्याला लगाम बसायचा. कॉलसाठी बनवलेल्या चांगल्या हेडसेटमध्ये ती सोय आजही असते. नुसत्या गाण्यांसाठी घेतलेल्या हेडफोनमध्ये असेलच असे नाही. शिवाय इअरबडचा माइक कानापाशी, तोंडापासून लांब. आतली चिप मागचा कोलाहल गाळून टाकते, म्हणून पलीकडे डॅलसमध्ये बसलेल्या क्लायंटला शांत खोलीतून फोन आल्यासारखे वाटते आणि इकडे रांगेतल्या सहा जणांचे काम थांबलेले असते. ओठांपर्यंत दांडी येणारा, दोन-तीन हजारांचा वायरचा हेडसेट दिसायला कॉल सेंटरचा वाटतो, पण त्यावर कुजबुजले तरी चालते. दिवसात चार-चार तास कॉलवर असणाऱ्याने तोच घ्यावा. मजल्यावर शांतता हवी असेल तर ऐकणाऱ्यांच्या महागड्या हेडफोनांपेक्षा बोलणाऱ्यांच्या स्वस्त दांड्यांचा उपयोग जास्त होईल.

पण हा खर्च कोणी करायचा? मोकळ्या मजल्याची कल्पना १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत, हॅम्बुर्गजवळच्या क्विकबोर्नमध्ये श्नेले बंधूंनी मांडली, तेव्हा तिच्यात आवाज शोषणारे गालिचे होते, छत होते, झाडे आणि पडदे होते. नंतरच्या काळात भिंती काढण्याचा भाग तेवढा उचलला गेला, कारण त्यात पैसे वाचत होते. माणसे एकमेकांशी बोलतील हे कारण वर चिकटवले गेले. इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांची मुख्यालये मोकळी होण्याआधी आणि झाल्यानंतर मोजली. समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले, ईमेल वाढले. भिंतीचे पैसे कंपनीने वाचवले आणि कर्मचाऱ्याने आपल्या पगारातून दोन भिंती विकत घेऊन कानांवर चढवल्या. खुर्ची आणि लॅपटॉप कंपनी देते. शांतता मात्र ज्याची त्याने आणायची.

वॉकमनच्या १९७९ च्या पहिल्या मॉडेलला हेडफोनची दोन भोके होती आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे मंद होऊन दोघांना एकमेकांशी बोलता यायचे. एकट्यानेच ऐकत बसणे उद्धटपणाचे ठरेल, अशी सोनीच्या अकिओ मोरितांची शंका होती. बटण लवकरच गेले, शंका तशी खोटी नव्हती. आपल्याकडे तर तिला हुद्द्याचीही जोड आहे. वरिष्ठाने हेडफोन लावला की तो कामात बुडालेला, कनिष्ठाने लावला की ‘याला हाक मारली तरी ऐकू येत नाही’. म्हणून कनिष्ठांना माझा सल्ला, जरा व्यवहारी: दिसेल असा मोठा हेडफोन घ्या. केसांआड लपलेला बड बघून समोरचा अख्खे वाक्य बोलून मोकळा होतो, आणि मग तुम्ही तो काढून ‘काय?’ म्हणता. त्याहून मोठा अपमान कचेरीत क्वचितच घडत असेल.

नव्याने लागलेल्यांसाठी आणखी एक अडचण आहे. चिडलेल्या ग्राहकाला कसे सांभाळायचे, कोणती गोष्ट लेखी मागायची, कुठे गप्प बसायचे, हे कोणत्याही प्रशिक्षणात नसते. ते शेजारच्या टेबलावरच्या फोनवरून कळते. म्हणजे ज्या बोलण्याने काम बिघडते त्याच बोलण्यातून काम येते. त्यामुळे सगळा मजला ठार बंद व्हावा असे मी म्हणणार नाही. वाचन-लेखनाच्या वेळेपुरते कान झाकावेत, बाकी वेळ एक तरी कान मोकळा असावा, आणि कंपनीने कॉल करणाऱ्यांना दांडीचे हेडसेट व दार लागणाऱ्या दोन-चार खोल्या द्याव्यात. एवढी मागणी जास्त नाही. केबिनचे दार सताड उघडे ठेवून फोन स्पीकरवर टाकणाऱ्या साहेबांसाठी कोणते मॉडेल मागवावे, ते मात्र खरेदी विभागालाच विचारा.