मुलांच्या देशात म्हातारपण



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण घटकाभर बोलत उभे राहतो. अलीकडे त्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो, "मग, मुलांकडे कधी जाताय?" गोवंडी-देवनार-चेंबूर पट्ट्यात माहुलच्या रिफायनरीतून, खत कारखान्यातून, बेस्टमधून निवृत्त झालेली पुष्कळ माणसे आहेत. त्यांची मुले शिकली, आखातात गेली, काही तिथून कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली. आता ती म्हणतात, एकटे कशाला राहता, इकडेच या.

आम्ही दोघे नवरा-बायको असेच गेलो होतो. लेकीकडे, टोरोंटोजवळ, पावणेदोन वर्षे राहिलो आणि परत आलो. का गेलात आणि का आलात, असे अजून विचारले जाते. उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

जाण्यापूर्वी घर विकायचे जवळजवळ ठरले होते. लेक-जावयाला तिकडे घर घ्यायचे होते, पैसे कमी पडत होते. आमच्या मनात आले, आपल्याला आता काय करायचे आहे? आईबापांनी सारे देऊन टाकणे आपल्याकडे पुण्याचे मानले जाते. आज आम्हाला तसे वाटत नाही. सारे देऊन मुलाच्या दारात जाणारे आईबाप त्याला कायमचे देणेकरी करून ठेवतात. त्याला रागावताही येत नाही आणि आपल्याला परतताही येत नाही. घर विकले नाही, ते केवळ गिऱ्हाईक वेळेवर आले नाही म्हणून. यात आमचे शहाणपण काही नव्हते.

तिकडे कोणी आम्हाला वाईट वागवले नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पण लेक-जावई सकाळी अंधारात कामाला निघत. नातवाला उठवणे, भरवणे, शाळेच्या बसपर्यंत नेणे आमच्याकडे. गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ. रविवारी मिस्साला जायचे तरी जावयाला सुट्टी आहे का ते बघायचे. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही एकमेकांना विचारू लागलो, आपण इथे घरचे आहोत, पाहुणे आहोत की कामाला आहोत? चूक एवढीच होती की येण्यापूर्वी हे कोणी बोललेच नव्हते. लेकीला वाटत होते, आईपप्पांना नातवाचा लळा आहे. आम्हाला वाटत होते, तिला मदत हवी आहे, ती तोंडाने सांगत नाही. दोन्ही खरे होते.

चौथी आज्ञा मुलांसाठी आहे असे आपण धरून चालतो. पण मुलांना आपला मान राखता येईल असे वागणे हे कोणाचे काम?

त्या दिवसांत उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोब पुन्हा वाचला. योसेफाने मिसर देशातून गाड्या पाठवल्या, आणि १३० वर्षांचा हा बाप मुलाकडे निघाला. पण वाटेत बैर-शेबा येथे तो थांबला, देवापुढे बसला, मगच पुढे गेला. मिसरमध्ये तो राजवाड्यात राहिला नाही. गोशेन प्रांतात आपल्या माणसांत, आपल्या गुराढोरांत १७ वर्षे राहिला. आणि मरण जवळ आल्यावर मुलाला बोलावून, शपथ घालून सांगितले की मला इथे पुरू नकोस.

आपल्यासाठी बैर-शेबाला थांबणे म्हणजे कागद नीट वाचणे. कॅनडाने आईवडिलांसाठी 'सुपर व्हिसा' २०११ साली सुरू केला. २०२२ पासून त्यावर एका खेपेस ५ वर्षांपर्यंत राहता येते. पण त्यासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. मधुमेह, रक्तदाब अशा जुन्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिले आहे ते सही करण्यापूर्वी वाचा. आम्ही नंतर वाचले. इंग्लंडने २०१२ साली नियम इतके कडक केले की आईबापांना कायमचे नेणे फार थोड्यांना जमते. आखातात तर मुलाची नोकरी गेली की त्याच्या आधाराने राहणाऱ्या आईबापांचाही मुक्काम संपतो.

पेन्शनवाल्यांनी हयातीच्या दाखल्याची सोय आधीच बघावी. तिकडे तो भारतीय वकिलातीतून मिळतो. कायमचे जात असाल तर बँकेला कळवून बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करून ठेवावे. घर मुलांच्या नावे करायचेच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ती अट पाळली नाही तर व्यवहार रद्द होऊ शकतो. अर्थात, कॅनडातल्या लेकराला इथल्या न्यायाधिकरणात खेचणारी आई कोण? म्हणून आम्ही म्हणतो, घर राहू द्या. बंद राहिले तरी राहू द्या. किल्ली आपल्याजवळ आहे एवढ्यानेच मुलाच्या घरी मोकळेपणाने बसता येते.

राहिली याकोबाची शेवटची गोष्ट. तिच्याबद्दल आपण बोलतच नाही. पार्थिव तिकडून आणणे खर्चाचे आणि वेळखाऊ असते. चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे. २०१६ मध्ये व्हॅटिकनने पुन्हा सांगितले की अस्थी विखरू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात. म्हणजे तिकडे दहन करून अस्थी इथे आणता येतात. पण हे ठरवायचे कोणी? दुःखात बुडालेल्या मुलाने, रात्री दोन वाजता, फोनवर?

गेल्या लेंटमध्ये आम्ही लेकीला फोनवर हे विचारले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पप्पा, मी दोन वर्षे हेच विचारायचे म्हणत होते, धीर होत नव्हता." येत्या मे महिन्यात ती येणार आहे. तेव्हा सगळे लिहून काढायचे ठरले आहे. त्यानंतर आम्ही पुन्हा तिच्याकडे जाऊ, चार महिन्यांसाठी, परतीचे तिकीट काढून.